कावळा नव्हता

नोकरीच्या एकतीस वर्षांत मी शोकप्रस्ताव बरेच लिहिले. माझं अक्षर बरं आणि मराठी त्याहून बरी, असा कार्यालयात एक समज होता आणि तो मी कधी खोडून काढला नाही. त्यामुळे कोणाचं कोणी गेलं की कोरा कागद माझ्या टेबलावर यायचा. त्यातला एकच प्रस्ताव असा, की मी तो वाचून दाखवत होते, आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो, आणि ज्यांच्यासाठी उभे होतो ते लहानूजी धकाते त्या वेळी उमरेडला आपल्या ओसरीवर बसून चहात पोळी बुडवून खात होते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आम्ही साडेअकराला उभे होतो आणि त्याच वेळी ते दुसरा चहा घेत, हे मला पुढे कळलं.

लहानूजी म्हणजे आमच्या प्रभाकर धकात्यांचे वडील. सदर भागातल्या आमच्या सरकारी कार्यालयात धकाते आवक-जावक बघायचे. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वहीत चढवायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा, एवढंच काम. माणूसही कामासारखाच शांत. उंच, जरा वाकलेला, बोटं लांबसडक. घराणं विणकरांचं. वडील हातमागावर लुगडी विणत. मुलगा नोकरीला लागला आणि घरातला माग तिथं थांबला. पण फायलीची नाडी धकात्यांच्या हातात गेली, की गाठ अशी बसायची की शोधूनही सापडू नये.

आणि धकाते पीत असत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माणूस सकाळी वेळेवर खुर्चीत दिसला की बाकीचं आपण बघायचं नाही, ही सरकारी कार्यालयातली जुनी सोय आहे. दुपारनंतर धकात्यांचे शिक्के तिरपे पडायला लागायचे. पुढे पुढे सकाळचेही तिरपे पडू लागले, तरी आम्ही काही म्हटलं नाही.

एका मे महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या वानखेड्यांनी धकात्यांचा अर्ज आणून दिला. ‘वडिलांचे उमरेड मुक्कामी दुःखद निधन झाल्याने तेरा दिवसांची रजा मिळावी.’ खरं म्हणजे आम्ही उमरेडला जायला हवं होतं. तास-दीड तासाचा रस्ता. पण त्याच आठवड्यात तपासणीचं पथक येऊन बसलं होतं आणि कोणाला हलता येत नव्हतं. मग न जाण्याची भरपाई म्हणून मी शोकप्रस्ताव जरा मन लावून लिहिला. ‘कै. लहानूजी धकाते हे कसबी विणकर होते. त्यांनी आयुष्यभर कष्ट केले आणि आपल्या मुलावर उत्तम संस्कार केले.’ लहानूजींना मी कधी पाहिलेलं नव्हतं. असली वाक्यं मला झोपेतही लिहिता येत.

चौदाव्या दिवशी धकाते हजर झाले. डोक्याचा गोटा, मिशी साफ, डोळे लाल. आम्ही एकेकाने जाऊन हात जोडले. मी प्रस्तावाची प्रत पाकिटात घालून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि न वाचता खणात टाकली. दुःखात माणूस वाचत नाही, असं मी त्याचं स्पष्टीकरण मनाशी करून टाकलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा वजन उतरलं होतं, मिशी परत आली होती, आणि एक नवीनच खोड जडली होती. धकाते खरं बोलायला लागले होते.

खरं बोलणारा माणूस फोटोत चांगला दिसतो, शेजारच्या टेबलावर नाही. ‘काय धकाते, बरं आहे ना?’ असं जाता जाता विचारण्याची चोरी झाली. ते थांबून विचार करायचे आणि म्हणायचे, “आज सकाळपासून प्यावंसं वाटून राहिलं, मॅडम. पण दहा वाजतापेक्षा आता कमी आहे.” यावर काय बोलायचं असतं ते कोणी आम्हाला शिकवलेलं नव्हतं. मी एकदा ‘वा, छान’ म्हणाले आणि दिवसभर स्वतःवर चिडले.

आल्यानंतर आठवड्याभरात ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले.

“मॅडम, तुमच्या कपाटातल्या बरणीतलं आंब्याचं लोणचं मी काढून नेत होतो. संध्याकाळच्या चखन्यासाठी. दोन उन्हाळे.”

“जाऊ द्या हो धकाते,” मी म्हणाले. “लोणच्याचं काय एवढं?”

“लोणच्याचं नाही. तुम्ही लीलाबाईले बोलल्या होत्या.”

लीलाबाई आमच्याकडे झाडलोट करते. लोणचं तीच नेते असं समजून मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते, कपाटाची किल्लीही तिच्याकडून काढून घेतली होती, आणि नंतर विसरूनही गेले होते. धकात्यांनी तिला आपल्या बाजूचं सगळं सांगून टाकलं होतं. माझी बाजू त्यांनी माझ्यावर सोडली. मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी लीलाबाईला किल्ली परत दिली आणि चुकलं म्हणाले. ती म्हणाली, “मले माहीत होतं वं बाई, तुमी कधी ना कधी म्हनान.” तेवढ्या एका गोष्टीसाठी मला धकात्यांचा राग येत होता, हे मी कबूल करते.

घरीही त्यांचं असंच चालायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हुडकेश्वरला त्यांच्याकडे गेले होते. सात-आठ बायका बसलेल्या, वहिनी तिळगूळ वाटत होत्या, तेवढ्यात धकाते बाहेरून आले. चपला काढल्या, सरळ बायकोसमोर गेले, थोडे वाकले आणि त्यांच्या तोंडासमोर ‘हाऽऽ’ करून श्वास सोडला. वहिनींनी वास घेतला, मान हलवली आणि ते आत गेले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नंतर एकटं गाठून मी विचारलं तर धकाते म्हणाले, “तिले विचाराची लाज वाटते. मंग ती न विचारता दिवसभर मनातल्या मनात वास घेत राहते. त्यापेक्षा मीच देऊन टाकतो.” वहिनी ऐकत होत्या. “अहो, पाहुण्यांसमोर तरी नका देत जाऊ,” त्या म्हणाल्या, पण त्या हसत होत्या.

सक्करदऱ्याला एका शाळेच्या वर्गात रोज संध्याकाळी त्यांच्यासारख्यांची सभा भरे. पोरांच्या बाकांवर मोठाली माणसं गुडघे दुमडून बसत. तिथल्या एका म्हाताऱ्याने, जो एके काळी सायकल रिक्षा चालवायचा, त्यांना सांगितलं होतं, “दारू सोडनं सोपं हाये बापा. दारूसाठी जे जे बोललो, ते सोडनं कठीन.” हे वाक्य धकाते आम्हाला वारंवार ऐकवत. आम्हाला वाटायचं, त्यांचं कबूल करणं लोणच्यापर्यंत आलं म्हणजे आता संपत आलं असेल.

संपलं नव्हतं. एक दिवस त्यांनी स्वतःच्याच टेबलावर अर्ज लिहिला, स्वतःच त्यावर आवकचा शिक्का मारला, नंबर टाकला, वहीत चढवला आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. विषय: ‘वडील जिवंत असल्याबाबत.’

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि मला आणि वानखेड्यांना आत बोलावलं. धकाते उभेच होते. अर्ज सरळ होता. वडील वारले नव्हते. तेरा दिवस आपण हुडकेश्वरलाच मित्राच्या अर्धवट बांधलेल्या घरात पीत पडलो होतो. बायकोला दौऱ्यावर जातो म्हणून सांगितलं होतं, आणि परतल्यावर गोट्याचंही काहीतरी खोटं कारण. रजा खोटी होती. जी कारवाई होईल ती मान्य आहे. मला माझा शोकप्रस्ताव आठवला. आम्ही काय उभे होतो, आणि कशासाठी!

“अरे यार धकाते,” साहेब म्हणाले, “हा कागद माझ्यापर्यंत आलाच नाही, असं समजू. घेऊन जा.”

“वहीत चढला, साहेब.”

वहीत चढलेला कागद म्हणजे जन्माला आलेलं मूल. त्याला परत पाठवता येत नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. खोटी रजा, खोटं कारण, तेही लेखी कबूल केलेलं. नोकरीवर गदा यायला एवढं पुष्कळ होतं, आणि धकात्यांना हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त कळत होतं.

मग वानखेड्यांना सुचलं. वानखेडे भला माणूस. आमच्याकडे कावळ्यांचा जोडा जुगताना दिसणं अशुभ मानतात. ज्याला दिसला त्याच्यावर मरण येतं म्हणतात. त्याला जुना तोडगा असा, की तो माणूस गेल्याची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकांना कळवायची. तिकडे कोणी रडलं की संकट टळलं. मग दुसरा निरोप पाठवून खरं सांगायचं. अशी खोटी तार घेऊन आमच्या आजोळी अख्खं घर रडल्याचं मी लहानपणी ऐकलं आहे.

“तसंच झालं असन ना, साहेब,” वानखेडे म्हणाले. “उमरेडले म्हाताऱ्याले कावळे दिसले असन. गावाहून निरोप आला, बाप गेला म्हणून. हा बिचारा धावत गेला. दुसरा निरोप उशिरा आला. यात याची काय चूक? काहून बे प्रभाकर, असंच झालं ना?”

साहेबांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असेल. असली गोष्ट आमच्या मुलखात कोणीही मान्य करेल, वरचे अधिकारीसुद्धा. त्यांच्याही घरी कधीतरी कावळा दिसलेलाच असणार. मी तर मनातल्या मनात मजकूर जुळवायला लागले होते. धकात्यांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

धकात्यांची लांब बोटं पँटच्या शिवणीवरून वरखाली होत होती. त्यांना मोह झाला होता, हे मी शपथेवर सांगेन.

“नाई, साहेब,” ते म्हणाले. “कावळा नव्हता. दारू होती.”

वानखेड्यांनी मान फिरवली. साहेबांनी अर्ज खाली ठेवला आणि आवाज एकदम सरकारी केला. “ठीक आहे. पण आमच्या रेकॉर्डला तुमचे वडील मृत आहेत. हयातीचा दाखला आणा, वडिलांच्या सहीनिशी. त्याशिवाय मी पुढे काही लिहिणार नाही.”

तिथं मात्र धकात्यांचा रंग उतरला. नोकरी जाईल म्हणून ते घाबरले नव्हते. लहानूजींना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि सहीला कागद पुढे करायचा म्हणजे बापाला सांगावं लागणार होतं, की मी तुम्हाला मारून तेरा दिवस प्यालो. त्या संध्याकाळी निघताना त्यांनी खणातून माझं ते पाकीट काढलं आणि खिशात ठेवलं.

रविवारी ते उमरेडला जाऊन आले आणि सोमवारी त्यांनी मला सगळं सांगितलं. मी तिथं नव्हते, पण धकाते तोवर काही गाळून किंवा घालून सांगत नसत, म्हणून मी ते पाहिल्यासारखंच सांगते. लहानूजी ओसरीवर बसले होते. धकात्यांनी आधी सगळं सांगून टाकलं, मग पाकीट काढून शोकप्रस्ताव वाचून दाखवला. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकला.

“कसबी म्हनलं बाईनं,” ते म्हणाले. “ते बरोबर हाये.”

धकाते खाली बघत बसले.

“मले ठाऊक होतं गा,” लहानूजी म्हणाले. “त्या उन्हाळ्यात तू गोटा करून आलता. काहून केला म्हनलं, तर म्हने घामोळ्या झाल्या. घामोळ्या डोस्क्यात होतात. मिशीत नाई होत.”

बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. खोटं पुरतं वठावं म्हणून धकात्यांनी डोक्याबरोबर तीही काढली होती, आणि महिना व्हायच्या आत उमरेडला जाऊन बापासमोर जेवायला बसले होते. अशी चूक दारूच करवते.

“मी समजलो, यानं कोनाले तरी मारलं,” लहानूजी म्हणाले. “घरात म्हातारा तर मीच एकटा.”

“मंग तवाच काहून नाई विचारलं, बाबा?”

“विचारलं असतं तर तू अजून एक खोटं बोलला असता. तेवढं एक वाचवलं तुयं.”

हे सांगताना धकाते थांबले आणि आवक वहीची पानं उगाच चाळू लागले. मीही माझ्या फायलीत बघत राहिले.

लहानूजी चौथी शिकलेले. त्यांनी शोकप्रस्ताव मागून घेतला, बोट ठेवून हळूहळू वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले. ‘आपल्या मुलावर उत्तम संस्कार केले.’

“हे खोड,” ते म्हणाले. “हे खोटं हाये.”

धकात्यांनी त्यांच्यासमोर पेनाने ती ओळ खोडली. मग म्हाताऱ्याने हयातीच्या दाखल्यावर सही केली आणि शोकप्रस्तावाचा कागद घडी करून स्वतःपाशी ठेवून घेतला. जेव म्हणाले नाहीत. धकाते उपाशी परतीच्या बसमध्ये बसले.

नोकरी गेली नाही. ते तेरा दिवस विनापरवाना गैरहजेरी धरले गेले, सेवापुस्तकात लाल शाईने नोंद झाली, आणि हातातोंडाशी आलेली बढती मागे बसणाऱ्याला मिळाली. धकात्यांनी स्वतःच्या शिक्षेचा आदेश स्वतःच जावक केला. दर रविवारी ते उमरेडला जात राहिले. पहिले काही रविवार बाप बोलत नव्हता, मग विहिरीचं, औषधांचं, शेजाऱ्यांचं बोलायला लागला. त्या कागदाचं नाव दोघांनीही काढलं नाही. असं तीन वर्षं चाललं.

गेल्या माघात एका सकाळी माझा फोन वाजला. “मॅडम, धकाते बोलतो. बाबा गेले. पहाटे.”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “खरंच?”

तो शब्द परत घेण्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. तीन वर्षं हा माणूस आम्हाला नकोसं होईपर्यंत खरं बोलत होता, आणि मी विचारलं, खरंच.

“खरंच,” धकाते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “या पाहाले.”

या वेळी आम्ही गेलो. मी, वानखेडे आणि लीलाबाई. लहानूजींना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. बारीक चणीचे, बोटं लेकासारखीच लांब. अंगणाच्या कडेला न्हावी बसला होता. धकाते त्याच्यासमोर गेले, पण पाटावर बसले नाहीत. भाऊबंदांकडे वळून म्हणाले, “एक सांगाचं आहे. हे मी एकदा करून चुकलो. बाबा जित्ते असतानी.”

भिंतीला टेकून बसलेले त्यांचे चुलते म्हणाले, “माहीत हाये. तुया बापानं सांगतलं होतं, हा त्या दिवशी सर्व्यासमोर बोलन म्हनून. झालं बोलून. बस आता खाली.”

धकाते बसले. न्हाव्याने डोकं भिजवलं. दारात सुनंदावहिनी उभ्या होत्या. मिशीला वस्तरा लागला तेव्हा धकात्यांनी डोळे मिटले. पहिल्या वेळी मिटले असतील का, असा एक विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथंच सोडला.

चौदाव्या दिवशी ते हजर झाले. मी कोरा कागद पुढे ओढून बसलेच होते. या वेळी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाबद्दल लिहायचं होतं आणि मला एकही वाक्य सुचत नव्हतं. धकात्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

“नवा नको, मॅडम. हा त्यांनी तपासला आहे.”

माझंच अक्षर. घड्यांवर विरलेला कागद. शेवटच्या ओळीवर धकात्यांच्या पेनाची आडवी रेघ होती, आणि त्या रेघेच्या वर पेन्सिलीने, चौथी शिकलेल्या मोठ्या मोठ्या थरथरत्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘राहू द्या.’

“हे कधी लिहिलं त्यांनी?”

“मले माहीत नाही. पेटीत सापडला. मले बोलले नाहीत कधी.”

मी फक्त वरची तारीख बदलली. साडेअकराला सगळे उभे राहिले, लीलाबाईसुद्धा झाडू भिंतीला टेकवून आली. मी वाचायला लागले. शेवटच्या ओळीपाशी मला रडू आलं. मी थांबले, पदराने डोळे पुसले आणि ती ओळ पुरी वाचली. धकाते त्यांच्या टेबलापाशी उभे होते, डोक्यावर आणि ओठावर नुसते खुंट. दोन मिनिटं झाल्यावर ते माझ्याजवळ आले, कागद मागून घेतला आणि नेहमीसारखा शिक्का मारून वहीत चढवला.